जुन्या बोलेरोसाठी रेडिएटर तांब्याचा घ्यावा की अ‍ॅल्युमिनियमचा?

आपण लिहिले आहे की आपली 2006 सालची बोलेरो कसारा घाट चढताना गरम होते, रेडिएटरच्या खालच्या टाकीच्या सांध्यातून पाणी झिरपते आणि मिस्त्रीने तीन पर्याय सांगितले आहेत : जुन्याच टाक्यांना तांब्याची नवी जाळी (नळ्या आणि पत्र्यांचा मधला भाग) बसवून घेणे, नामांकित उत्पादकाचा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर घेणे किंवा त्याहून बराच स्वस्त असा बिननावाचा घेणे. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. मात्र गेली बावीस वर्षे एकच जुनी डिझेल जीप नाशिकमध्ये चालवत आहे आणि या काळात तिचा रेडिएटर दोनदा बदलला, त्यातला एकदा चुकीचा. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की तांबे की अ‍ॅल्युमिनियम हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. नवा रेडिएटर जुन्याच्या मापात तंतोतंत बसतो का आणि त्यात आपण पुढे कोणते पाणी घालणार, या दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात.

तत्पूर्वी एक खात्री करून घ्या. सांधा गळतो हे खरे असले तरी गाडी गरम होण्याचे कारण तेवढेच असेल असे नाही. गाडी सिग्नलला किंवा द्वारका चौकाच्या कोंडीत उभी असताना काटा चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर उतरत असेल, तर दोष बहुधा हवेच्या प्रवाहात, म्हणजे पंखा, त्याचा पट्टा किंवा व्हिस्कस कपलिंग (तापल्यावर पंख्याला जोर देणारा जोड) यांत असतो. याउलट कोंडीत काटा शांत राहून घाटात, भरल्या गाडीत चढत असेल, तर जाळीच्या नळ्या आतून क्षाराने चोंदल्याचा संशय धरावा. आपले वर्णन या दुसऱ्या प्रकारात बसते. तरीही सकाळी थंड इंजिनावर झाकण काढून गाडी सुरू करावी आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते पाहावे. येत असतील तर हेड गॅस्केट (इंजिनाचा हेड आणि ब्लॉक यांमधला सील) तपासल्याशिवाय रेडिएटरवर एक रुपयाही खर्च करू नये. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये.

आता धातूविषयी. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता अ‍ॅल्युमिनियमच्या दीडपटीहून अधिक आहे, आणि जुने मिस्त्री ‘तांबे ते तांबे’ म्हणतात ते यामुळेच. पण तांबे-पितळेच्या जाळीत नळ्या आणि पत्रे शिसे-कथलाच्या झाळकामाने (सोल्डरिंगने) जोडलेले असतात. हे झाळकाम उष्णतेचे सुमार वाहक आहे आणि त्याची ताकदही बेताची असल्याने नळ्या अरुंद ठेवाव्या लागतात. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीत नळ्या रुंद असतात, पत्रे त्यांना भट्टीत ब्रेझिंगने, म्हणजे जास्त तापमानाच्या पक्क्या झाळकामाने, एकजीव केलेले असतात आणि वजन तर कितीतरी कमी असते. त्यामुळे चांगल्या बनावटीचा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर थंडावा देण्यात तांब्याच्या मागे राहत नाही. फरक पडतो तो दुरुस्तीत. पितळी टाकीचा सांधा सुटला तर कोणताही अनुभवी रेडिएटरवाला तो तासाभरात झाळून देतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बहुतेक रेडिएटरना नायलॉनच्या टाक्या असतात. त्या रबरी गॅस्केटवर ठेवून पत्र्याच्या दातांनी दाबून बसवलेल्या असतात, वर्षानुवर्षे तापून-थंड होऊन ठिसूळ होतात आणि तडा गेला की व्यवहारात नवा रेडिएटर घेणेच उरते. आपल्या गाडीवर आज नेमका कोणता आहे हे ओळखणे सोपे आहे : टाकीच्या कडेला पत्र्याच्या दातांची रांग दिसली तर टाकी प्लास्टिकची, आणि काळा रंग थोडा खरवडल्यावर पिवळा धातू दिसला तर पितळेची.

माझी चूक काय झाली ते सविस्तर सांगतो, कारण आपल्यालाही असाच सल्ला कोणीतरी देईल. माझ्या जीपचा मूळ रेडिएटर दोन ओळींच्या नळ्यांचा होता. गाडी घाटात तापते म्हटल्यावर एका दुकानदाराने चार ओळींची जाळी सुचवली आणि पाणी जास्त मावेल म्हणजे थंडावा जास्त मिळेल हा त्याचा हिशेब मला पटला. नवी जाळी जाड असल्याने पंख्याभोवतीचे आवरण, म्हणजे श्राउड, परत बसेना. ते काढून ठेवण्यात आले आणि मीही हरकत घेतली नाही. शहरात सहा महिने काही जाणवले नाही. एप्रिलमध्ये सप्तशृंगी गडावर जाताना नांदुरीच्या पुढच्या चढणीवर निम्म्यातच वाफ निघाली आणि सोबतच्या वडीलधाऱ्यांना तासभर उन्हात बसवावे लागले. नंतर उमजले की जाड जाळीतून हवा ओढायला पंख्याला अधिक जोर लागतो, आणि घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडीच्या वेगाची हवा जवळजवळ नसतेच. त्या वेळी सगळी भिस्त पंख्यावर असते. श्राउड नसले की पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच गरम हवा फिरवत बसतो. पाण्याचे प्रमाण वाढल्याने गाडी उशिरा तापते एवढेच. उष्णता बाहेर टाकण्याचे काम शेवटी हवेलाच करावे लागते. पुढे मूळ मापाची दोन ओळींची जाळी घातली, जुने श्राउड शोधून बसवले आणि त्यानंतर तोच घाट मे महिन्यातही निर्धास्त चढलो.

पत्र्यांच्या दाटपणालाही हेच लागू आहे. एका इंचात जितके पत्रे जास्त तितका पृष्ठभाग जास्त, हे कागदावर बरोबर आहे. पण आपल्या जिल्ह्यात रस्त्यावरची काळी धूळ, इगतपुरीकडचा पावसाळी चिखल आणि लासलगावच्या बाजूला कांद्याच्या ट्रॅक्टरमागून उडणारे पापुद्रे हे सारे त्या पत्र्यांत अडकते. दाट जाळी चोंदली की बाहेरून साफ करणे अवघड जाते. (माझ्या जाळीतून एकदा मूठभर कांद्याची साले निघाली होती आणि आमच्या फिटरने ती भाजीसाठी ठेवू का, असे विचारले होते.) साफ करताना पाण्याचा झोत इंजिनाच्या बाजूने पुढे सोडावा आणि दाब कमी ठेवावा, नाहीतर पत्रे वाकतात.

खरेदीच्या वेळी जुना रेडिएटर काढून सोबत न्यावा. केवळ मॉडेल आणि साल सांगून घेऊ नये, कारण एकाच नावाच्या गाडीत इंजिन आणि एसी यांप्रमाणे रेडिएटर बदलतो. बोलेरो याच शहरात, सातपूरच्या कारखान्यात बनत आली आहे, त्यामुळे तिचा योग्य भाग शोधायला आपल्याला मुंबईला जावे लागणार नाही. जाळीची उंची, रुंदी व जाडी, होस पाइपच्या तोंडांचा व्यास आणि कोन, खालच्या रबरी बुशांच्या जागा, झाकणाच्या गळ्याची खोली, हे सारे मोजपट्टीने जुळवून पाहावे. बिननावाच्या मालात फरक सापडतो तो इथेच : पाइपचे तोंड दोन मिलिमीटरने लहान असते, क्लिप आवळून तात्पुरते भागते आणि महिन्याभरात होस सुटते. म्हणून आपला तिसरा पर्याय मी सरळ बाद करीन.

झाकण नवे घ्या आणि त्यावरचा दाबाचा आकडा जुन्याशी जुळवा. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरच्या नाशिकमध्ये साधे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते; 0.9 बारचे झाकण ठीक काम करत असेल तर हाच बिंदू 117-118 अंशांपर्यंत जातो. सैल झाकण हा सगळा फायदा घालवते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याचा सल्लाही मिळेल. तो मानू नये. त्याने डिझेल इंजिन थंडच चालते, धूर आणि झीज वाढते, आणि काही इंजिनांत तर बायपासचा मार्ग उघडा राहून पाणी रेडिएटरला वळसा घालते.

पाण्याबद्दल मात्र मी आग्रही आहे. बोअरचे पाणी घालत राहणार असाल तर कोणताही रेडिएटर घ्या, काही वर्षांत पुन्हा याच प्रश्नावर याल. डिस्टिल्ड वॉटर आणि इथिलीन ग्लायकोलचे कूलंट निम्मे-निम्मे घालावे, दोन प्रकारचे कूलंट एकत्र करू नये आणि रंगावरून प्रकार ठरवू नये, कारण रंग ही उत्पादकाची मर्जी असते. जाळी तांब्याची असेल तर झाळकामाला चालणारे कूलंट मागून घ्यावे. अ‍ॅल्युमिनियम घेतल्यास बॅटरीचे आणि इंजिनाचे अर्थिंग नीट आहे ना ते तपासावे. मल्टिमीटरचे एक टोक कूलंटमध्ये, धातूला न टेकवता, आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर धरल्यावर 0.1 व्होल्टहून अधिक दिसले, तर तो विद्युतप्रवाह जाळीला आतून खात राहतो.

आता आपला निर्णय. जुन्या टाक्या पितळी असून शाबूत असतील, आणि कारागीर मूळ ओळींचीच जाळी घालून आपल्यासमोर पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तपासून देणार असेल, तर मी पहिला पर्याय घेईन. एवढ्या जुन्या गाडीला पुढेही झाळून दुरुस्त होणारी वस्तू सोयीची पडते. टाक्या कुजलेल्या किंवा आधीच प्लास्टिकच्या असतील, तर नामांकित उत्पादकाचा अ‍ॅल्युमिनियमचा, पावती आणि वॉरंटीसह. तांबे-पितळेचा जुना रेडिएटर दुकानात तसाच सोडून येऊ नका, भंगारात त्याला चांगला भाव असतो आणि ती रक्कम बिलातून वजा करून मागता येते. बसवल्यावर हीटर चालू ठेवून आतली हवा काढावी, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पाहून भर घालावी, आणि कसाऱ्याला नेण्याआधी आठवडाभर गाडी त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर चालवून पाहावी.