वृषणाच्या कर्करोगात वंशानुसार जगण्याचे प्रमाण का बदलते?

अमेरिकेत हा आजार गोऱ्या पुरुषांना अधिक होतो, तरी तो झालेल्यांपैकी दगावण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत जास्त का, असे आपण विचारले आहे. बराचसा फरक उशिरा होणाऱ्या निदानातून येतो: गाठ वृषणापुरती असताना पाच वर्षे जगण्याचे सापेक्ष प्रमाण (म्हणजे त्याच वयाच्या सर्वसाधारण पुरुषांच्या तुलनेत) तेथे सुमारे ९९ टक्के असते, दूर पसरल्यावर ते ७५ टक्क्यांच्या आसपास घसरते, आणि कृष्णवर्णीय रुग्णांचे निदान अधिक वेळा पसरल्यावरच होते, विमा नसणे हेही त्यात आलेच. निदानाच्या वेळी आजार किती पसरला होता तो टप्पा सारखा धरला तरी थोडा फरक उरतो.

आपल्या ठाण्यातही वाटाण्याएवढी, न दुखणारी गाठ ‘हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवती साचलेले पाणी, असेल’ म्हणून (खरे तर लाजेपोटी) दडवणारे भेटतात. सोनोग्राफी लगेच करावी. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे रुग्णालय आहे.