‘आई सोबत आली तरच सहलीला नेऊ’

डिसेंबर जवळ आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलाला दमा आहे, फिट येते, साखरेचा आजार आहे, किंवा आमच्या विदर्भात घरोघरी माहीत असलेला सिकलसेल आहे. शाळा त्याला सहलीला न्यायला कचरते. नेलंच तर आईनं सोबत यावं म्हणते, नाहीतर ‘काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ अशा कागदावर सही मागते. पालक विचारतात, सही करायची का? मुलाला घरीच ठेवायचं का? की भांडायचं?

मागे माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दक्षिण नागपुरातलं घर. वडील बुटीबोरीच्या कंपनीत पाळीवर, आई घरी शिवणकाम करते. मुलगी सातवीत, सिकलसेलची रुग्ण, म्हणजे ‘एसएस’ (नुसती वाहक नाही, आजार असलेली). उपचार मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, चालू होते. शाळेची सहल चिखलदऱ्याला, दोन रात्री मुक्काम. मुख्याध्यापिकांनी सांगितलं होतं की आई आली तरच मुलगी येईल आणि हमीपत्रही द्यावं लागेल. आई तो कागद घेऊनच माझ्यासमोर बसली. “मॅडम, मी सांगून सांगून थकली. माझी पोरगी मी बारा वर्षं सांभाळली, आता हे लोक मला शिकवून राहिले.”

सिकलसेल म्हणजे काय ते ज्यांच्या घरात नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रक्तातलं हिमोग्लोबिन जन्मतःच वेगळं असतं. शरीरात पाणी कमी पडलं, थंडी वाजली, दमछाक झाली किंवा ताप आला की लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, पाठ, पोट असह्य दुखतं. हा आजार संसर्गाचा नाही, आईवडील दोघांकडून येतो. पाणी, ऊब, विश्रांती आणि नियमित औषधं सांभाळली तर मूल शाळेत जातं, खेळतं, सहलीलाही जाऊ शकतं.

वाद मात्र सहलीच्या आधीच सुरू झाला होता. शाळेच्या प्रवेश अर्जात आईनं आजारापुढे नुसतं ‘ॲनिमिया’ लिहिलं होतं. वडिलांची तशी इच्छा होती. त्याच शाळेत नात्यातली दोन मुलं शिकत होती, बातमी घरी जाईल, उद्या मुलीच्या लग्नाच्या वेळी कोणीतरी बोट दाखवेल, ही भीती. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, मी ती अनेक घरांत पाहते. पण त्या एका शब्दाची किंमत मुलीनं मोजली. क्रीडादिनाला धावल्यानंतर तिचा पाय दुखायला लागला, तेव्हा पीटीच्या सरांनी कोणाच्याही पायाला करतात तेच केलं, बर्फ लावला. सिकलसेलमध्ये थंडीनं रक्तवाहिन्या आणखी आवळतात. मुलगी दवाखान्यात दाखल झाली आणि तिथे पहिल्यांदा शाळेला खरा आजार कळला.

आईच्या मनात तेव्हापासून ‘यांनी माझ्या मुलीला बर्फ लावला’. शाळेच्या मनात ‘यांनी आमच्यापासून लपवलं’. सहलीचा कागद आला तो या दोन रागांच्या मधोमध.

कुटुंबाला विचारून मी मुख्याध्यापिकांना भेटले. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्या जास्त घाबरलेल्या होत्या. २०२४ च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या इथेच, हिंगण्याकडच्या देवळी-पेंढरी घाटात नागपूरच्या शाळेची सहलीची बस उलटली. “दीडशे मुलं घेऊन निघते हो मी. परत येईपर्यंत जेवण जात नाही. त्यात ही मुलगी. मला काय करायचं तेच माहीत नाही, म्हणून म्हटलं आईच असू द्या.” शेवटचं वाक्य त्या हळूच बोलल्या आणि माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं.

तरीही हमीपत्राबद्दल मी त्यांना स्पष्ट सांगितलं आणि इथेही सांगते. पालकांची परवानगी घेणं योग्य आहे, ती हवीच. पण ‘आम्ही जबाबदार नाही’ असं लिहून घेतल्यानं मुलं ताब्यात असताना त्यांची काळजी घेण्याचं शाळेचं कर्तव्य संपत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत त्यांत सिकलसेल आहे. त्याच कायद्याचं कलम १६ सांगतं की मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता शिक्षण द्यावं, खेळ आणि मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यावी आणि गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात. आईनं रजा काढून, पैसे भरून, सोबत आलंच पाहिजे ही अट त्यात बसत नाही. एखाद्या आईला जावंसं वाटलं आणि मुलालाही ते हवं असलं तर गोष्ट वेगळी.

कायदा सांगून झाला, पण मला अजून मुलीशी बोलायचं होतं. तोवर तिला कोणी विचारलंच नव्हतं. आई तिच्या वतीनं बोलत होती, शाळा तिच्याविषयी बोलत होती.

पहिल्या भेटीत ती फार बोलली नाही. दुसऱ्या वेळी आईला बाहेर बसवलं आणि तिला सहलीचे तीन दिवस माझ्यासमोर मांडायला सांगितले. बस किती वाजता, शेजारी कोण, खायला काय, मुक्कामाला किती जणी एका खोलीत. मुलं मनातलं सरळ सांगत नाहीत, पण दिवस मांडायला सांगितला की जिथे भीती असते तिथे अडखळतात. ती रात्रीपाशी अडखळली.

“आई आली तर मी जाणार नाही,” म्हणाली. “सगळे म्हणतील बाळ आहे.”

“आणि आई नसली तर रात्री?”

बराच वेळ ओढणीशी खेळली. मग म्हणाली, “मी ठरवून ठेवलं आहे. दुपारपासून पाणीच नाही प्यायचं.”

तिचं अंथरूण अधूनमधून ओलं व्हायचं. सिकलसेलच्या मुलांत हे नवल नाही. या आजारात मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद लहानपणीच कमी होते. त्यामुळे लघवी जास्त होते, वारंवार होते, रात्रीही होते. यात आळस नाही, वाईट सवय नाही, मुलीचा कसलाही दोष नाही. पण बारा वर्षांच्या मुलीला हे कोणी समजावलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की एका खोलीत दहा मैत्रिणी असतील आणि त्यांना कळलं तर ती पुन्हा शाळेत पाय ठेवू शकणार नाही. म्हणून तिनं तोडगा काढला होता, आणि तो तोडगाच तिला दवाखान्यात पोचवणारा होता. डिसेंबरची थंडी, सातपुड्यातला डोंगर, दिवसभर चालणं आणि त्यात दुपारपासून पाणी बंद. मोठी माणसं कागदावरच्या सहीसाठी भांडत होती, आणि खरा धोका ती पोर एकटीच मनात घेऊन बसली होती.

इथे एक सांगायलाच हवं. सहलीला पाणी न पिणाऱ्या मुली फक्त आजारी मुली नसतात. वाटेतली स्वच्छतागृहं घाण, बस थांबवायला सांगायची लाज, सर ओरडतील ही भीती, म्हणून धडधाकट मुलीही सकाळपासून घोट घेत नाहीत. मला हे वर्षानुवर्षं ऐकू येतं आणि दर वेळी राग येतो. सहलीचं नियोजन करताना जेवणाचे बेत तासभर ठरतात. लघवीला कुठे थांबायचं हे कोणी ठरवत नाही.

मुलीच्या संमतीनं मी आईला आत बोलावलं. अंथरुणाचं आईला माहीत होतं, पाणी सोडण्याचं नव्हतं. तिनं फॉर्मवर ते लिहिलं नव्हतं, कारण लिहायची लाज वाटली होती. वडील पुढच्या भेटीला रात्रपाळी करून तसेच आले. शाळेला सगळं सांगायला तयार झाले, एका अटीवर. “ज्यांना लागते त्यांनाच सांगा. वर्गात नको.” मला ही अट पूर्णपणे रास्त वाटली. मुलीची अट आणखी लहान होती. बसमध्ये लघवीला थांबायचं असलं तर तिनं सगळ्यांसमोर बोलायचं नाही, वर्गशिक्षिकेला बाटली दाखवायची.

त्यानंतर शाळेत एक बैठक झाली. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, पीटीचे सर, आईवडील, मुलगी आणि मी. पहिली दहा मिनिटं जुनंच उकरून झालं. मग सरांनी विचारलं, “बर्फ नाही, ते आता समजलं. मग पाय दुखला तर मी करायचं काय?” त्या प्रश्नानंतर बैठकीचा सूर बदलला. आईनं पहिल्यांदा सरांकडे पाहून उत्तर दिलं.

मेडिकलच्या डॉक्टरांकडून आईनं एक पानभर सूचना लिहून आणल्या, मराठीत. चिखलदरा साधारण अकराशे मीटर उंचीवर आहे. आईला त्या उंचीचीच धास्ती होती. डॉक्टर म्हणाले, एवढ्या उंचीचं फारसं काही नाही, भीती थंडीची, दमण्याची आणि पाण्याची आहे. त्या पानावर काय होतं ते सांगते, कारण पालक नेमकं हेच विचारतात. पाण्याची बाटली सतत जवळ आणि दर तासाला पाणी. लघवीला म्हटलं की सोडायचंच. शिवाय बस कोंढाळी, तळेगाव, अमरावती आणि परतवाड्याला सगळ्यांसाठीच थांबणार, म्हणजे तिच्यासाठी वेगळं थांबलं असं दिसणार नाही. रात्री बाराला आणि चारला वर्गशिक्षिका तिला हलकेच उठवणार. पहाटे सूर्योदय पाहायला जाणं तिच्यासाठी रद्द (यावर ती रुसली, पण डॉक्टर हटले नाहीत). गाविलगड किल्ल्यावर झेपेल तेवढंच चढायचं, ‘चल गं, थोडंच राहिलं’ असं कोणी म्हणायचं नाही. दुखलं तर आधी ताप मोजायचा, मगच पॅरासिटामॉल, कारण गोळीनं ताप झाकला जातो. गरम पाण्याची पिशवी, पांघरूण, पाणी. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखलं, धाप लागली, एक बाजू लुळी पडली किंवा बोलणं अडखळलं, तर वाट न पाहता १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. जवळचं चिखलदऱ्याचं ग्रामीण रुग्णालय, तिथून पाठवलं तर अमरावतीचं जिल्हा रुग्णालय. रोजच्या औषधांच्या वेळा आणि ती देणाऱ्या बाईंचं नाव. खाली आईवडील आणि शाळा दोघांच्या सह्या. ‘जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य मुख्याध्यापिकांनी स्वतःच काढलं.

मुलगी गेली, आईशिवाय. पहिली रात्र सुखरूप गेली, बाईंनी दोनदा उठवलं, कोणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी किल्ल्यावरून उतरल्यावर मांड्या दुखायला लागल्या. सरांनी स्वतः गरम पाणी आणलं, ताप नव्हता, गोळी दिली, रात्री नऊच्या आत तिला झोप लागली. आईला फोन मात्र ती झोपल्यानंतर गेला. आधी रेंज नव्हती, असं बाईंचं म्हणणं. आईनं रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही आणि सहल परतली त्या दिवशी शाळेच्या फाटकावर पुन्हा खडाजंगी झाली.

दोघीही मग माझ्याकडे आल्या. बाईंना वाटत होतं, आपण मुलीला नीट सांभाळलं आणि वर बोलणी खाल्ली. त्यांनी खरंच नीट सांभाळलं होतं, आणि आईनंही ते कबूल केलं. पण फोनच्या बाबतीत मी आईच्या बाजूनं आहे. उपचार सुरू झाला की लगेच घरी कळवायचं, आणि रेंज नसेल तर रेंज मिळेल तिथे एका माणसाला पाठवायचं. त्या पानावर आता ही ओळ वाढवली आहे. आईनंही एक कबूल केलं: फोन आला म्हणून रात्री गाडी काढून निघायचं नाही, डॉक्टरांनी बोलावलं तरच.

ज्यांच्यासमोर आज असाच कागद आहे त्यांना माझं सांगणं असं. सहलीची सूचना येईपर्यंत थांबू नका. जूनमध्ये वर्गशिक्षक कळले की त्याच आठवड्यात डॉक्टरांचं पान घेऊन भेटा आणि आजाराचं खरं नाव सांगा. कोणाला सांगायचं नाही हेही तिथेच ठरवा. त्याआधी मुलाला एकट्यानं विचारा की त्याला कशाची भीती वाटते, आणि विशेषतः रात्रीबद्दल विचारा. ‘आम्ही जबाबदार नाही’ या वाक्यावर सही करू नका. त्याऐवजी परवानगी आणि सूचना एकत्र लिहून द्या. एवढं करूनही शाळा नाहीच म्हणाली, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि नकार लेखी मागा. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच मिटते. नाही मिटली तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, आणि सिकलसेलसारखा आजार असेल तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते. प्रत्येक अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि तिच्यावर शिक्का व तारखेसह पोच घ्या.