सव्वा किलो, दीड किलो आणि हिरवी खूण

प्रश्न : मी सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये सातवीला गणित शिकवते. यंदापासून प्रत्येक धडा संपला की गुगल फॉर्मवर १० गुणांची चाचणी घ्यायची आणि ते गुण नोंदवहीत चढवायचे, असं ठरलं आहे. मुलं फॉर्म घरून भरतात. वर्गात फळ्यापाशी अडखळणाऱ्या मुलाला १० पैकी १० पडतात आणि जिच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे त्या मुलीला ४. तिच्या घरी एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर जातो. या गुणांना मी काय समजू? की सगळं बंदच करू?
– एक शिक्षिका, वाळपई

उत्तर : ताई, चाचण्या बंद करू नका. घरून आलेले गुण वहीत चढवणं मात्र आजच थांबवा. त्या आकड्यात मुलाचं गणित असतं, मोठ्या भावाची मदत असते, फोन रात्री किती वाजता हाती आला तेही असतं. यातलं काय किती, हे तुम्हाला कधीच वेगळं काढता येणार नाही.

२०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा मीही हेच केलं होतं. मी त्या वेळी सांगे तालुक्यात शिकवत होते. आठवीतल्या एका मुलीचा फॉर्म दर वेळी अर्धाच यायचा. मी तिला फोनवर दोनदा रागावले. पुढे तिच्या आईकडून कळलं की रेंजसाठी ती घरामागचा डोंगर चढून काजूच्या झाडाखाली बसायची आणि पाऊस आला की फोन पोटाशी धरून खाली पळायची. पाचव्या-सहाव्या प्रश्नाला पावसाची सर यायची, एवढंच. ते गुण मी तिच्या निकालात धरले होते. आज ती कॉलेजात आहे, बसस्टँडवर भेटली की धावत येऊन बोलते. मला मात्र ते अर्धे फॉर्म अजून दिसतात.

म्हणून चाचणी वर्गात घ्या. मुलांकडे फोन नाहीत याने काही अडत नाही. प्लिकर्स नावाचं एक साधन आहे, त्यात फोन एकच लागतो, तुमचा. प्रत्येक मुलाच्या हातात काळ्या चौकोनी नक्षीचं एक छापील कार्ड असतं आणि त्याच्या चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी लिहिलेलं असतं. जे उत्तर वाटतं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते नोंदलं जातं. प्रत्येकाची नक्षी निराळी, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून कार्ड फिरवण्यात अर्थ नसतो. सगळ्यांत लाजरं मूलसुद्धा हात वर न करता उत्तर देतं, हे मला फार मोलाचं वाटतं. कार्डं जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड त्यावर पडला की कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. आणि बोटं नक्षीवर नकोत, हे पहिल्या दिवशी चारदा सांगावं लागतं.

काहूट हा ऑनलाइन प्रश्नमंजुषेचा खेळ मुलांना फार आवडतो, वर्ग नुसता उसळतो. पण त्याची नेहमीची पद्धत अशी की जो लवकर उत्तर देईल त्याला जास्त गुण. एका मुलीने मला सांगितलं होतं, ‘टीचर, म्हाका जाप येताली, पूण हांव फाटीं उरलें.’ उत्तर येत होतं, ती मागे राहिली ती वेगात. वापरायचंच तर प्रत्येक प्रश्नाचा वेळ वाढवून ठेवा आणि ते उजळणीपुरतंच ठेवा.

आता मुख्य गोष्ट. दशांश शिकवताना मी फॉर्ममध्ये एक प्रश्न घालायची : ०.४, ०.३५ आणि ०.१२५ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती? काही मुलं ०.१२५ निवडतात. त्यांच्या डोक्यात ४, ३५ आणि १२५ असतात, म्हणजे जितके आकडे जास्त तितकी संख्या मोठी. ती चूक लगेच दिसते. पण बरोबर उत्तर देणाऱ्यांतही काही मुलं अशी असतात ज्यांना वाटतं, आकडे कमी ती संख्या मोठी, कारण दशांश शंभरांशापेक्षा मोठा आणि शंभरांश सहस्रांशापेक्षा. त्यांनाही फॉर्म हिरवी खूण देतो. म्हणून लगेच दुसरा प्रश्न हवा : ०.३ मोठी की ०.३५? इथे हे दुसरे ०.३ म्हणतात आणि पहिले मात्र बरोबर येतात. दोघांनाही २ पैकी १ गुण. वहीत दोघं सारखेच, आणि दोघांना शिकवायचं मात्र अगदी निरनिराळं. माझा सगळा आग्रह यासाठीच आहे, ताई. गुणांच्या रकान्यापेक्षा कोणी कुठला चुकीचा पर्याय निवडला ती यादी उघडा. गुगल फॉर्मच्या सारांशात वारंवार चुकलेले प्रश्न वेगळे काढून दाखवलेले असतात. दुसऱ्या दिवशीची पहिली १० मिनिटं त्यांना द्या. पर्यायही असेच बेतून लिहा की प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलाचा एखादा खरा विचार असेल.

त्या यादीतूनच मला एक मुलगा सापडला होता. १.२५ किलो आणि १.५ किलो यांत त्याने १.२५ मोठं म्हणून निवडलं होतं. घरची काजूची बाग, हंगामात बिया दुकानात घालायला हाच जायचा. मी विचारलं, ‘दीड किलो बिया घातल्या आणि सव्वा किलोचे पैसे दिले तर घेशील?’ तो जवळजवळ ओरडलाच, ‘जायना टीचर!’ मग फळ्यावरच्या १.५ कडे बोट दाखवून म्हटलं, ‘हे वाच.’ तो म्हणाला, ‘वन पॉइंट फाइव्ह.’ चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीत इंग्रजी माध्यमात आलेलं पोर. सव्वा आणि दीड त्याच्या हाडीमाशी होते, पण वन पॉइंट फाइव्ह म्हणजेच दीड हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं, मीही नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फॉर्ममध्ये इंग्रजी प्रश्नाखाली तोच प्रश्न मराठीत असायचा. तुमच्या वर्गातही ते करून पाहा.

मुख्याध्यापकांना भेटताना अशा दोन प्रश्नांची उत्तरं छापून न्या. कोण का चुकलं हे समोर ठेवलंत तर तुमचं म्हणणं त्यांना पटेल, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : नवीन ॲपवर मुलांची पूर्ण नावं, जन्मतारखा आणि फोटो भरायला सांगितलं आहे. भरावेत का?
– एक शिक्षक, केपे

उत्तर : सराव-चाचणीसाठी हजेरी क्रमांक पुरतो. कुठला क्रमांक कोणाचा हे तुमच्या वहीत राहू द्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घालतो. तेव्हा पालक-शिक्षक संघाच्या सभेत विषय मांडा, काय भरायचं आणि कशासाठी ते मराठीत वाचून दाखवा. आणि गुणांची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर कृपा करून टाकू नका. शेवटच्या नंबरावरच्या मुलाच्या घरी त्या रात्री काय होतं, ते मी पाहिलेलं आहे.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. रोज तासभर अभ्यासाचे व्हिडिओ पाहते, सगळं समजलं म्हणते आणि परीक्षेत लिहिता येत नाही.
– एक आई, डिचोली

उत्तर : पाहताना समजतं, हे ती खरंच सांगते आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. ५ मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. व्हिडिओ दहा मिनिटांनी थांबवायला सांगा, फोन पालथा ठेवू द्या आणि काय पाहिलं ते वहीत पाच ओळींत लिहू द्या. चुकलं तर पुन्हा पाहून दुसऱ्या रंगाच्या पेनाने दुरुस्त करेल. बोर्डाचा पेपर पेनानेच लिहायचा आहे, तो हात आतापासून चालू राहू दे. पहिला आठवडा ती कुरकुरेल. तेवढे दिवस तुम्ही भाजी निवडायला तिच्याजवळ बसा.