मेरी सेलेस्ट जहाजावर खरंच वाफाळता चहा सापडला होता का?

नाही. समुद्रात माणसांविना सापडलेल्या या जहाजाच्या टेबलावर चहा अजून गरम होता, अशी दंतकथा सांगतात. ४ डिसेंबर १८७२ ला 'डेई ग्राशिया' या दुसऱ्या जहाजाच्या खलाशांना हे जहाज अटलांटिकमधली अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्या मधे भरकटताना दिसलं. प्रवासाच्या नोंदी करायच्या पाटीवरची शेवटची नोंद होती २५ नोव्हेंबरची, सकाळी ८ ची, अझोर्समधल्या सांता मारिया बेटाजवळची. नऊ दिवस चहा गरम राहत नाही!

प्रत्यक्षात सापडलं ते असं: तळात साडेतीन फूट पाणी, एक पंप खोललेला, पाणी मोजायची दांडी डेकवर पडलेली, सहा महिन्यांचं अन्न जागच्या जागी. कॅप्टन ब्रिग्ज, त्याची बायको, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी गायब. सोबत सेक्स्टंट, क्रोनोमीटर (समुद्रात जहाज कुठे आहे ते शोधायची उपकरणं) आणि जहाजावरची एकुलती एक होडीही नाही. म्हणजे माणसं 'नाहीशी' झाली नाहीत, होडीत बसून गेली. का, हे मात्र आजही अनुत्तरित. मालात अल्कोहोलची १७०१ पिंपं होती, त्यातली नऊ रिकामी निघाली. त्यामुळे अल्कोहोलच्या वाफेच्या स्फोटाची भीती, किंवा पंप बिघडल्यामुळे पाण्याचा चुकलेला अंदाज, ही दोन कारणं मला त्यातल्या त्यात पटतात.

घोळ सुरू झाला १८८४ मध्ये. आर्थर कॉनन डॉयलने या घटनेवर कथा लिहिली. त्यात जहाजाचं नाव 'मारी सेलेस्ट' केलं आणि होड्या जागेवरच ठेवल्या. चहा-नाश्ता पुढच्या लोकांनी वाढला. एखाद्या लेखात 'मारी' आणि 'सगळ्या होड्या शाबूत' असं दिसलं, की तो कथेवरून उतरवलाय असं समजा.