वाचकांचे प्रश्न: एका कुंडीत दोन्ही खतं चालतात, एका बादलीत नको

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं घरात, लाइटखाली भाजी लावणाऱ्यांची आहेत आणि बहुतेकांचा घोळ एकच, सेंद्रिय द्यायचं की रासायनिक, आणि दोन्ही दिलं तर काय होईल. म्हणून आज दुसरे विषय बाजूला ठेवलेत.

प्रश्न: माझ्या फ्लॅटमधल्या एका रिकाम्या खोलीत एलईडी ग्रो लाइट लावून चेरी टोमॅटो आणि मिरच्या लावल्यात. १२ इंची ग्रो बॅग, त्यात कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं निम्मं, वर मूठभर निंबोळी पेंड. सुरुवातीला झाडं मस्त वाढली, आता फुलं लागलीत तर खालची पानं पिवळी पडून गळतायत. खताच्या दुकानात सांगितलं १९:१९:१९ द्या. ग्रुपवर विचारलं तर सगळे म्हणाले, रासायनिक टाकलं की जिवाणू मेले, आत्तापर्यंतची मेहनत पाण्यात. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: दोघांचं थोडं थोडं ऐका, पण ग्रुपवरचं ते "जिवाणू मेले" आधी बाजूला ठेवू.

झाडाची मुळी नायट्रोजन घेते ती मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात, मग तो पेंडीतून आलेला असो की पाकिटातून, मुळीला त्यात काही फरक नाही. फरक आहे तो वेळेचा. पेंड आणि गांडूळखतातला बराचसा नायट्रोजन सेंद्रिय पदार्थात अडकलेला असतो, तो जिवाणूंनी फोडायचा, मग मुळीला मिळायचा. शेतात हे जमतं कारण मुळीला पसरायला जागा असते आणि जमिनीत वर्षानुवर्षांचा साठा असतो. तुमच्या बॅगेत फार तर पंधरा-वीस लिटर माल आहे, त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) स्वतः जवळजवळ काहीच खायला देत नाही, आणि घरात असल्यामुळे बाहेरून पालापाचोळा नाही, काही नाही. टोमॅटो फुलावर आला की त्याची भूक एकदम वाढते आणि जिवाणूंचा वेग तेवढा वाढत नाही. खालचीच पानं आधी पिवळी पडतात कारण झाड जुन्या पानांतला नायट्रोजन काढून शेंड्याला पाठवतं. (पान पिवळं पण शिरा हिरव्या असं दिसत असेल आणि तेही जुन्या पानांवर, तर मॅग्नेशियमकडे बघा. कोवळं पान तसं दिसलं तर लोहाकडे, आणि त्याआधी पीएचकडे.)

आता जिवाणूंचं. आपल्याकडे मिळणाऱ्या १९:१९:१९ (हे आकडे क्रमाने नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशचे टक्के) मधला निम्म्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो. हा युरिया मुळीच्या नीट उपयोगी व्हायला त्याचा आधी अमोनियम व्हावा लागतो, पुढे त्यातल्या बऱ्याचशाचं नायट्रेट होतं, आणि हे काम मुख्यतः कोण करतं तर जिवाणूच! म्हणजे ज्याला आपण झटपट रासायनिक खत म्हणतो त्यालाही कुंडीतली ही मंडळी लागतातच, आणि बेताच्या डोसने ती मरत नाहीत. मरतात किंवा मलूल होतात ती क्षारांचा मारा केला की, आणि तेव्हा त्यांच्याबरोबर पांढरी मुळीही जळते. एक गोष्ट मात्र खरी आहे, फॉस्फरस सारखा जास्त राहिला तर मायकोरायझा, म्हणजे मुळीला साथ देणारी उपयोगी बुरशी, मुळीवर नीट बसत नाही. त्यामुळे महागाचं मायकोरायझा आणून वर दर आठवड्याला १२:६१:०० देणं म्हणजे पैसे वाया.

मग करायचं काय? नारायणगाव-जुन्नर भागातला टोमॅटोवाला शेतकरी करतो साधारण तेच, फक्त छोट्या मापात. तो लागवडीआधी बेसल डोसमध्ये शेणखत, पेंड घालतो आणि पुढे पीक जसं मागेल तसं ड्रिपमधून विद्राव्य खत सोडतो. तुमचा बेसल डोस झालेला आहे, खरं तर जरा जास्तच झालाय, गांडूळखत निम्मं नको, पाव ते एक तृतीयांश पुरतं, नाहीतर बॅग दाबली जाते आणि मुळीला हवा मिळत नाही. आता त्यावर विद्राव्य खताची आळवणी (पाण्यात विरघळवून मुळाशी घालणं) सुरू करा, पण पाकिटावर लिहिलेल्या डोसच्या निम्म्याने, कारण खालून पेंडही हळूहळू सुटणार आहे आणि ते धरायला हवं. फुलावर आलेल्या टोमॅटोला मी १९:१९:१९ पेक्षा कॅल्शियम नायट्रेट आणि १३:००:४५ यांच्यावर ठेवेन, दोन्हींतला नायट्रोजन जवळजवळ सगळा नायट्रेट, लगेच लागू होणारा, आणि टोमॅटोला फार अमोनियम सोसत नाही. आठवड्यात एकदा कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम, तीन-चार दिवसांनी १३:००:४५ लिटरला अर्धा ते एक ग्रॅम आणि त्यात चिमूटभर मॅग्नेशियम सल्फेट, मधल्या दिवशी साधं पाणी. पिवळं पडलेलं पान परत हिरवं होणार नाही, त्याची वाट बघू नका, शेंडा बघा.

आणि एक ईसी मीटर घ्याच, आणि तो काय दाखवत नाही तेही समजून घ्या. ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते ते, त्यावरून हा मीटर पाण्यातले विरघळलेले क्षार मोजतो. जिवाणूंनी अजून न फोडलेली पेंड त्यात दिसत नाही, आणि युरियासुद्धा दिसत नाही कारण त्याचे आयन होत नाहीत. म्हणून मिश्र पद्धतीत नुसतं वरून ओतायचं पाणी मोजून भागत नाही, बॅगेच्या तळातून निथळलेलं पाणी पण मोजायचं. तुम्ही १.५ ईसीचं पाणी ओतलं आणि खालून ३ च्या वर आलं तर बॅगेत क्षार साठलेत, त्या आठवड्यात खत बंद, साधं पाणी भरपूर सोडून निथळू द्या. शेतात हे काम पाऊस करतो, खोलीत तुम्हालाच करावं लागेल. पीएच ५.८ ते ६.५ च्या आसपास ठेवा.

शेवटचं, लाइट. टोमॅटोला दिवसाला १४ ते १६ तास भरपूर, पण चोवीस तास चालू ठेवू नका, सतत उजेडात टोमॅटोची पानं खराब होतात. लाइट कमी पडत असेल तर कुठलंच खत उपयोगाचं नाही. आणि घरात ना वारा ना मधमाशी, तेव्हा फुलांच्या घोसाला रोज दुपारी हलकं हलवा, नाहीतर फळधारणा होणार नाही आणि दोष परत खतालाच जाईल.

प्रश्न: वेळ वाचावा म्हणून मी एका बादलीत कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट, १२:६१:०० आणि थोडं जीवामृत असं सगळं एकत्र करून देते. पाणी दुधासारखं पांढरट होतं आणि तळाला गाळ बसतो. हे नॉर्मल आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही ताई, तो गाळ म्हणजे तुमचं खतच आहे. कॅल्शियम आणि सल्फेट भेटले की जिप्सम होतं, कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की कॅल्शियम फॉस्फेट, दोन्ही पाण्यात फारसे विरघळत नाहीत, मग मुळीपर्यंत पोचणार काय? खूप पातळ केलं तर थोडंफार निभावतं, पण बादलीत घट्ट करून कधीच नाही. साधा नियम ठेवा, कॅल्शियम नायट्रेट एकटं, त्याचा दिवस वेगळा.

जीवामृतही वेगळ्या दिवशी. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती यांचं ते मिश्रण, नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांमुळे घराघरात पोचलं, पण स्वतः पाळेकरही त्याला खत म्हणून नाही तर जिवाणूंचं विरजण म्हणूनच सांगतात. जिवंत विरजण क्षारांच्या घट्ट पाण्यात घालण्यात काय अर्थ आहे? आळवणीनंतर दोन-तीन दिवस जाऊ द्या, एखाद-दुसरं साधं पाणी होऊ द्या आणि मग गाळून द्या. नळाचं पाणी क्लोरीनचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून वापरा. ड्रिप लावलं असेल तर जीवामृत, स्लरी असलं काही त्यातून सोडू नका, ड्रिपर चोक होतात, हातानेच घाला.

प्रश्न: खोलीत बारीक काळ्या माश्या झाल्यात, कुंडी हलवली की उडतात. वास पण येतो. घरच्यांनी शेवटची वॉर्निंग दिली आहे!
– एक वाचक, ठाणे

उत्तर: या फंगस नॅट नावाच्या माश्या. वरचा थर सतत ओला आणि त्यावर कुजणारं काहीतरी, पेंड, भाजीची सालं, चहापत्ती, हे मिळालं की त्या तिथे अंडी घालतात आणि अळ्या कोवळी मुळी पण खातात. पेंड वर टाकू नका, दोन-तीन इंच खाली मिसळा. वरचा इंचभर थर वाळेपर्यंत पाणी नको. पिवळे चिकट सापळे लावा, त्याने उडणाऱ्या कमी होतात, अळ्यांसाठी बीटीआय (अळ्या मारणारा जिवाणू) पाण्यातून द्या. आणि वास येतोय म्हणजे आत हवा नाही, बशीत साठलेलं पाणी फेका. खोलीत वाढवताना वाढीच्या काळात विद्राव्य खतावर जास्त भर द्यावा असं मी म्हणतो त्याचं हेही एक कारण आहे, स्लरी आणि जीवामृत गच्चीवर छान, बंद खोलीत घरच्यांना त्रास.

प्रश्न: आम्ही टोरांटोला असतो. कढीपत्ता आणि मिरची उन्हाळ्यात बाहेर, ऑक्टोबरपासून आत. आत आणल्यावर फिश इमल्शन (माशांपासून केलेलं पातळ खत) आणि निळं पाण्यात विरघळणारं खत आलटून पालटून देतोय तरी कढीपत्ता पानं गाळतोय.
– एक वाचक, टोरांटो

उत्तर: त्याला भूक नाहीये. हिवाळ्यात खिडकीतला उजेड अगदीच कमी, कढीपत्ता तेव्हा जवळजवळ झोपतो, आणि हीटरच्या कोरड्या हवेनेही पानं गळतात. मार्चपर्यंत दोन्ही खतं बंद ठेवा, पाणीही बेतानं, नवा फुटवा दिसला की सुरू करा. लाइट लावणार असाल तर गोष्ट वेगळी, मिरचीला लाइट द्या आणि निम्म्या डोसने विद्राव्य खत चालू ठेवा. फिश इमल्शन उत्तम आहे पण ते बाहेर कुंड्या नेल्यावर, आत त्याचा वास जात नाही.

प्रश्न: घरी वाढवलेली बेसिल आणि लेट्यूस सोसायटीत विकते. गांडूळखत जास्त आणि विद्राव्य खत अगदी थोडं, तर पाकिटावर "सेंद्रिय" लिहू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नका लिहू. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या एनपीओपी आणि पीजीएस-इंडिया या दोन्ही योजनांत कृत्रिम खत चालत नाही, थोडं असलं तरी. "घरी वाढवलेलं, कीटकनाशक न मारलेलं" हे खरं असेल तर तेवढं लिहा, लोक घेतात.

प्रश्न: टोमॅटोचं खालचं बूड काळं पडतंय. अंड्याची टरफलं रोज टाकतोय, बोनमीलही टाकलं, फरक नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर: फळात कॅल्शियम कमी पोचतंय, कुंडीत ते असूनही. टरफलं आणि बोनमील विरघळायला महिने घेतात, या हंगामाच्या फळाला त्यांचा उपयोग नाही. शिवाय न धुतलेलं कोकोपीट वापरलं असेल तर त्यात पोटॅशियम आणि सोडियम भरलेलं असतं आणि घातलेलं कॅल्शियम ते स्वतःच धरून ठेवतं, म्हणून कोकोपीट आधी साध्या पाण्याने धुवून मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवायचं आणि परत निथळायचं. आता लगेच करण्यासारखं म्हणजे कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून दोनदा, आणि युरिया किंवा १९:१९:१९ चालू असेल तर थांबवा. त्याहून महत्त्वाचं पाणी. एक दिवस कोरडं ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी चिंब असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत जातच नाही, कारण ते पाण्याबरोबरच वर चढतं. रोज ठरलेल्या वेळी थोडं थोडं द्या. काळी झालेली फळं तोडून टाका, मागून येणारी चांगली येतील.