अंबारखाना की अंबरखाना?

प्रश्न असा आहे: पन्हाळ्यावरच्या धान्यकोठारांना कुणी ‘अंबरखाना’ म्हणतं, कुणी ‘अंबारखाना’. बरोबर कोणतं? आणि हत्तीच्या अंबारीशी त्याचा काही संबंध आहे का?

बरोबर रूप अंबारखाना. अंबारीशी त्याचं नातं नाही.

फारसीत ‘अंबार’ म्हणजे साठा, कोठार. इराकमधल्या अल्-अंबार प्रांताच्या नावातही हाच शब्द आहे. ‘खाना’ म्हणजे घर किंवा जागा. तोफखाना, नगारखाना, जामदारखाना यांत आहे तोच. हत्तीवरची अंबारी मात्र ‘अमारी’ या शब्दापासून आली. तिच्यातल्या ‘म’चा आपल्या तोंडी ‘म्ब’ झाला आणि दोन निराळे शब्द जुळ्यासारखे दिसू लागले. शिवाय हत्तींच्या जागेला आपल्याकडे पीलखाना हा शब्द होताच. राहिला ‘अंबर’. त्याचा अर्थ आकाश किंवा वस्त्र, आणि धान्याच्या कोठाराशी दोन्हींचा संबंध लागत नाही.

पण खरा पुरावा वास्तूच देते. पन्हाळ्याच्या बालेकिल्ल्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन कोठारं आहेत. (फारसी नावाच्या इमारतीत या तीन नद्या नांदतात, हे मला फार आवडतं.) गंगा कोठी सर्वांत मोठी. तिच्या बाहेरून जिने थेट छतावर जातात, आणि छताला ठेवलेल्या भोकांतून धान्य आत ओतायची सोय आहे. १६६० साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला आणि तो महिनोन्महिने चालला. अशा वेळी खालून दाणा वर येणं बंद होतं. गडाने तग धरायची ती अंबारातल्या साठ्यावरच.

शब्द पन्हाळ्यापुरता नाही, शिवनेरीवरही अंबारखाना आहे.

बोलताना काना गळतो, ते समजण्यासारखं आहे. पण २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळाही आहे, तिथे आता लांबून माणसं येतील. निदान फलकांवर आणि माहितीपुस्तिकांत तरी ‘अंबारखाना’ असंच छापावं. ‘अंबरखाना’ वाचून कोठार कुणाच्या डोळ्यांपुढे येणार नाही.