दोन कोरड्या विहिरी आणि सीएचा शेवटचा पेपर

प्रश्न: माझी मुलगी सीएच्या अंतिम परीक्षेची तयारी करते आहे. आर्टिकलशिपमध्ये तिला काही महिने एका तेल कंपनीच्या ऑडिटवर पाठवलं होतं. तेव्हापासून तिनं एकच धरलंय: ऊर्जा कंपन्यांची आर्थिक माहिती सरकारसाठी गोळा करणाऱ्या, तपासणाऱ्या एखाद्या खात्यात काम करायचं. मला तर यात फॉर्म मागवणं आणि फायलीला लावणं यापलीकडे काही दिसत नाही. कंपन्या आपले ताळेबंद छापतातच ना? मग सरकारला वेगळे आकडे कशाला हवेत? एवढं शिकून तिनं कारकुनी करायची का? – एक आई

उत्तर:

नमस्कार ताई,

‘ताळेबंद छापतातच, मग वेगळे आकडे कशाला’ हे तुम्ही वैतागून विचारलंय, पण मुलीच्या मुलाखतीत हाच प्रश्न पहिला आला तर मला नवल वाटणार नाही. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. करिअरचं नंतर पाहू.

समजा एका कंपनीनं तीन विहिरी खोदल्या. प्रत्येकीला दहा कोटी लागले. दोन कोरड्या निघाल्या, तिसरीला तेल लागलं. त्या वर्षी तेल विकून पंचवीस कोटी आले. बाकीचे खर्च सोडून देऊ. आता नफा किती?

एक हिशेबनीस म्हणेल, कोरड्या विहिरींचे वीस कोटी बुडाले, ते याच वर्षी खर्ची टाका. चालू विहिरीचे दहा कोटी दहा वर्षांत वाटा, म्हणजे यंदा एक कोटी. नफा चार कोटी. दुसरा म्हणेल, तीन खोदल्याशिवाय एक लागत नाही, तेव्हा तिन्हींचा खर्च ही तेल मिळवण्याचीच किंमत. तीसच्या तीस कोटी मालमत्तेत धरा आणि दहा वर्षांत वाटा. यंदाचा खर्च तीन कोटी, नफा बावीस कोटी. जमीन तीच, तेल तेवढंच, बँकेतली शिल्लकही तीच. नफा मात्र एकाकडे चार, दुसऱ्याकडे बावीस. आणि दोघंही नियमात! पहिल्या पद्धतीला ‘सक्सेसफुल एफर्ट्स’ म्हणतात, दुसरीला ‘फुल कॉस्ट’. अमेरिकी संसदेनं १९७५ मध्ये कायदा करून तेल-वायू कंपन्यांसाठी एकसारखी हिशेब पद्धत मागितली. तिथल्या लेखामानक मंडळानं डिसेंबर १९७७ मध्ये पहिल्या पद्धतीच्या बाजूनं कौल दिला. शोधकामावर जगणाऱ्या लहान कंपन्यांनी आरडाओरडा केला, कारण त्यांचे नफे पार कोसळले असते. ऑगस्ट १९७८ मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या रोखे आयोगानं तो कौल फिरवला आणि दोन्ही पद्धती चालू ठेवल्या. त्या आजही चालतात.

आता सांगा, असे दोन छापील ताळेबंद शेजारी ठेवून ‘कोणत्या कंपनीनं जास्त कमावलं’ हे कसं ठरवायचं?

सरकारला ही अडचण उशिरा कळली, आणि तीही मार खाऊन. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. तीन डॉलरच्या आसपास मिळणारं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या, आणि त्याच वेळी तेल कंपन्यांचे नफे फुगलेले दिसले. जानेवारी १९७४ मध्ये सिनेटर हेन्री जॅक्सन यांनी सात बड्या तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना समितीपुढे बोलावून झाडलं. पण झाडायला हातात पुरावा हवा, आणि सरकारकडे स्वतःचे आकडे फारसे नव्हतेच. साठ्यांची माहितीसुद्धा तेल उद्योगाच्याच संघटनेकडून यायची. चोरीचा पंचनामा संशयिताच्याच वहीवरून करायचा, तशातला प्रकार. शिवाय त्या फुगलेल्या नफ्यातला काही भाग निव्वळ टाकीतल्या जुन्या मालाचा होता: स्वस्तात घेतलेलं तेल नव्या भावानं विकलं गेलं. तो नफा लबाडीचा म्हणायचा, नशिबाचा म्हणायचा, की हिशेब पद्धतीचा? हे ठरवायलाही टेबलापलीकडे बसलेला जाणकार माणूस लागतो.

त्यातून १९७७ चा कायदा आला. अमेरिकेत ऊर्जा खातं निघालं, त्यात ऊर्जा माहिती प्रशासन, म्हणजे ईआयए, निघालं. मोठ्या ऊर्जा कंपन्या निवडून त्यांच्याकडून एकसारख्या साच्यात आर्थिक माहिती घ्या, म्हणजे एकीची दुसरीशी तुलना करता येईल, असं त्या कायद्यातच लिहिलं होतं. त्या फॉर्मचा नंबर २८. पंचवीसेक कंपन्या तो भरत असत. कंपनीचा एकूण नफा त्यात होताच, पण खरी गंमत तुकड्यांमध्ये होती: तेलक्षेत्रातून किती, शुद्धीकरण कारखान्यातून किती, पाइपलाइनमधून किती, कोळशातून, अणुइंधनातून किती, देशात किती, परदेशात किती. कोळसा अशासाठी की तेल कंपन्या तेव्हा कोळसा आणि युरेनियमही विकत घेत होत्या, आणि सगळं इंधन एकाच मुठीत जाईल अशी लोकप्रतिनिधींना धास्ती होती.

तुमच्या मुलीला जे आवडलं असेल असं मला वाटतं, ते या तुकड्यांत दडलंय. कंपनीची विहीर आपलं कच्चं तेल कंपनीच्याच कारखान्याला ‘विकते’. भाव कोण ठरवणार? कंपनीच. अमेरिकेत कच्च्या तेलाच्या उत्पन्नावर मोठी करसवलत होती, १९६९ पर्यंत साडेसत्तावीस टक्के, पुढे बावीस. म्हणून सगळं काही स्वतः करणाऱ्या कंपनीच्या फायद्याचं काय, तर कच्च्या तेलाचा भाव चढा दाखवा, नफा विहिरीवर दिसू द्या, कारखाना मेटाकुटीला आलेला दिसला तरी चालेल. मोठ्या कंपन्यांची ही सवलत १९७५ मध्ये बहुतेक संपली. पण घरातल्या घरात भाव लावायची सोय कुठल्याच देशात संपलेली नाही. म्हणून फॉर्मच्या सूचनांमध्ये ‘अंतर्गत विक्रीचा भाव कसा धरायचा’ याबद्दल जी एक ओळ असते, तिच्यावर कंपन्यांचे वकील आणि सरकारी लेखापाल तासन्‌तास घासाघीस करतात. ती ओळ जो लिहितो, त्याला कारकून म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

रोजचं काम मात्र एवढं चुरशीचं नसतं, हेही सांगायला हवं. बरेच दिवस फोनवर जातात. ‘घसारा गेल्या वर्षीच्या शंभराव्या हिश्शावर कसा आला?’ समोरचा म्हणतो, बघून सांगतो. चार दिवसांनी कळतं, हजारात भरायचा आकडा लाखात भरला होता. कधी वजाबाकीचं चिन्ह राहून गेलेलं असतं. मग छपाईची वेळ येते आणि गुप्ततेचा घोळ सुरू होतो. एका रकान्यात तीनच कंपन्या असतील आणि तुम्ही फक्त बेरीज छापली, तरी काय होईल? तीनपैकी दोघींनी एकमेकींना आकडे सांगितले, तर तिसरीचा आकडा वजाबाकीनं बाहेर! म्हणून तो रकाना झाकायचा. पण शेजारचे रकाने आणि खालची बेरीज उघडी राहिली, तर झाकलेला पुन्हा काढता येतो, म्हणून आणखी एखादा झाकायचा. कमीत कमी झाकून जास्तीत जास्त सांगणं, हे संख्याशास्त्रातलं स्वतंत्र कसब आहे. सीएच्या अभ्यासक्रमात ते नाही.

हे आकडे पुढे जातात कुठे? २०२२ च्या भाववाढीत युरोपीय संघानं तेल, वायू, कोळसा आणि शुद्धीकरणातल्या कंपन्यांच्या जादा नफ्यावर किमान ३३ टक्के वर्गणी बसवली. जादा म्हणजे काय, तर २०१८ ते २०२१ या चार वर्षांच्या सरासरी करपात्र नफ्याच्या १२० टक्क्यांच्या वर जे असेल ते. वाचायला सोपं वाटतं. पण चार वर्षांत कंपनीनं एक विभाग विकला आणि दुसरा घेतला असेल, तर सरासरी कशाची? कॅलिफोर्नियानं तर २०२३ पासून शुद्धीकरण कारखान्यांना दर महिन्याला आपलं मार्जिन कळवायला लावलंय.

आता उणी बाजू. पगार कंपन्यांच्या बाजूला जास्त असतो आणि राहील. अमेरिकेच्या संघीय नोकऱ्या बहुतेक तिथल्या नागरिकांनाच मिळतात, त्यामुळे ईआयएचं स्वप्न असेल तर ते आताच बाजूला ठेवा. वीज किंवा वायूचे दर ठरवणारा नियामक जिथे आहे तिथे हे काम आहे. कर खात्यातही आहे. आणि ज्या फॉर्म २८ वर मी एवढं पाल्हाळ लावलं, त्याच्या आधारे निघणारी वार्षिक अहवालांची मालिका २००९ च्या आकड्यांवर थांबली. तो शेवटचा अहवाल आला २०११ मध्ये. त्याच वर्षी ईआयएचा निधी सुमारे चौदा टक्के कापला गेला होता. तीसेक वर्षांची सलग मालिका, आणि तिच्यासाठी कुणी रस्त्यावर उतरलं नाही. टाळ्या हव्या असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

मुलीला हे खरंच आवडतं, की ऑडिटमधल्या एखाद्या चांगल्या वरिष्ठामुळे आवडलंय, हे तपासायचा एक उपाय आहे. फुकट आहे, महिनाभर पुरेल. अमेरिकेतल्या मोठ्या वीज कंपन्या तिथल्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाला दरवर्षी ‘फॉर्म १’ भरून देतात. तो कंपनीच्या नावानिशी सगळ्यांना खुला असतो. प्रत्येक खर्चाला ठरलेला खाते क्रमांक आहे: ५०१ म्हणजे वाफेवरच्या केंद्रांचं इंधन, ५५५ म्हणजे विकत घेतलेली वीज. तिला म्हणावं, एक कंपनी निवड आणि खातं ४२६.४ दहा वर्षं मागे जाऊन बघ. निवडणुका, कायदे, लोकमत यांवर प्रभाव टाकायला केलेला खर्च या खात्यात जातो, आणि तो सहसा ग्राहकांच्या बिलातून वसूल करता येत नाही. मग खातं ९३०.२ उघड, ‘किरकोळ सर्वसाधारण खर्च’. उद्योग संघटनांची वर्गणी पुष्कळदा तिथे बसलेली असते, आणि ते खातं दरात धरलं जातं. संघटना त्याच वर्गणीतून लॉबिंग करत असेल, तर पैसे कुणाचे गेले? डिसेंबर २०२१ मध्ये आयोगानं याच मुद्द्यावर रीतसर विचारणा काढली होती. २०२१ पासूनचे फॉर्म एक्सबीआरएल या, संगणकाला थेट वाचता येणाऱ्या साच्यात आहेत, ते सरळ उघडतात. त्याआधीचे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमध्ये! मी एकदा ते उघडायला बसलो आणि आख्खा रविवार घालवला. ती तरुण आहे, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर तासाभरात करेल. येत नसेल, तर शिकायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही.

या महिन्यात ती तळटिपांमध्ये रमली, ‘आई, हे बघ’ म्हणत मध्येच स्वयंपाकघरात आली, तर तिला अडवू नका. दुसऱ्या आठवड्यात फाइल मिटली, तर ऑडिट आहेच, तेही चांगलं काम आहे.

सीए मात्र पूर्ण करू द्या. कंपनीच्या वित्त प्रमुखासमोर बसून ‘हा खर्च इथे का टाकलात’ असं विचारायचं, तर त्याच्याच तोलामोलाची पात्रता हवी, नाहीतर तो गोड बोलून वाटेला लावतो. त्यानंतर संख्याशास्त्राचा, शक्य तर नमुना पाहणी आणि माहितीची गुप्तता यांचा एखादा अभ्यासक्रम आणि थोडं ऊर्जा अर्थशास्त्र. एमबीएचा आग्रह धरू नका, इथे त्याचा फार उपयोग नाही.

आणि हो, फॉर्मचंच चाललंय म्हणून आठवलं. तिच्या परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख एकदा बघून घ्या. दहा वर्षांच्या ४२६.४ च्या नादात ती विसरायची शक्यता आहे.